पावणं चारला उठत्यात

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात कॅम्पस मुलाखतींची जबाबदारी माझ्याकडे होती आणि दाराशी उभे राहून नावे पुकारण्याचे काम एका लिपिकाकडे. कंपनीच्या अधिकाऱ्यांनाही तो पावणंच म्हणे. प्रत्येक नाव वडिलांच्या नावासकट, बांधावरून हाक मारावी तसे पुकारी. मी रागावलो की म्हणे, ‘हळू बोलायला काय चोरी केलीया व्हय, सर?’

मंदीच्या त्या वर्षी एकच कंपनी आली. यादी मी केली होती: इंग्रजी माध्यमातली मुले वर, मराठी माध्यमातली तळाशी. पाहुण्यांवर छाप पडावी एवढाच हेतू आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. तीन वाजले तरी निम्मी यादी शिल्लक होती. त्याने ती नीट वाचली, ‘पावणं चारला उठत्यात,’ म्हणाला आणि तळापासून नावे पुकारू लागला. शेवटच्या क्रमांकावरची गगनबावड्याची मुलगी आत गेली आणि निवडली गेली. मधल्या तिघांची मुलाखत मात्र राहिली.

त्यांच्या पालकांच्या तक्रारीवरून प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावले. ‘क्रम कोणी मोडला?’ तो क्रम कशावरून लावला होता, हे त्याने सांगितले असते तर माझी धडगत नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही.

‘माझीच चूक की, सायेब. यादी उलटी धरलती.’

त्याला लेखी ताकीद मिळाली. तिचा मसुदा मीच केला, आणि त्यात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द दोनदा वापरला.