टाच असलेलं अक्षर

बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांचं काम कमी झालं आणि बसणं वाढलं. बसलं की किस्से साचतात. राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात मी आणि माझा भागीदार बापू, दोघंच. मी चौथीत शाळा सोडली, पण जाड अक्षर माझ्यासारखं कुणी काढायचं नाही. उभी दांडी मनगटाएवढी, आडवी रेघ दोऱ्याएवढी, आणि दांडीच्या बुडाला बुटासारखी टाच. गेल्या वर्षापासून हात थरथरतो. बापूला ते अक्षर जमत नाही. म्हणजे माझ्याबरोबर ते संपणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मुरगूडच्या एका तालमीचा बोर्ड केलता. वस्ताद म्हणाले, "पैलवानाच्या दारात ह्या काटक्या कशाला? सगळंच जाड कर की." केलं. आठ दिवसांत वस्ताद हजर. "पेंटर, रस्त्यावरनं म्हशी बसल्यागत दिसतंय. पयल्यासारखं कर."

बारीक रेघ असते म्हणून जाड रेघ जाड दिसते. हे सांगायला गेलो की लोक घड्याळ बघतात.

एका पावण्यानं लेकीच्या लग्नाची अख्खी पत्रिका ह्याच अक्षरात मागितली. लिहून दिली. बापूनं वाचली आणि म्हणाला, "लग्नाला बोलवायचंय का तडीपार करायचंय?" तेव्हापासून नावं तेवढी जाड, बाकी मजकूर साधा.

मग गडहिंग्लजची स्नेहल आली. कॉम्प्युटरवर अक्षरं बनवते. म्हणाली, "आजोबा, तुमचं अक्षर द्या. फॉन्ट करते. मग कुणालाबी वापरता येईल."

"अक्षर म्हणजे काय भाजी हाय व्हय, मागितली की दिली?"

बापूनं पेपरातनं मानसुद्धा काढली नाही. "दे की. वर जाऊन कुणाचा बोर्ड रंगवणार हाईस?"

दिलं.

तिला सगळी अक्षरं पाहिजेत. म्हणाली, 'ङ' काढा. चाळीस वर्षांत 'ङ'चं एक दुकान मी बघितलेलं नाही. "कुणाला लागणार हाय ते?"

"लागलं तर?"

त्या एका 'ङ'वर तीन दिवस गेले. हात थरथरत होता, तरी टाच बसली. बापूनं चष्मा पुसून बघितलं. "हे पयल्यांदा काढलंस? मग रोजची का एवढी वाईट काढत हुतास?"

परवा स्नेहलनं दोघांना गडहिंग्लजला बोलावलं. पिठाच्या नव्या गिरणीवर त्या फॉन्टातला पहिला बोर्ड लागलाय. मशीनवर छापलेला, ब्रश कुठं लागलेला नाही, हे तिनं फोनवरच सांगितलं होतं. एसटीतनं उतरून रस्त्याच्या अलीकडं उभा राहिलो. अक्षर माझं. थरथर कुठं नाही. टाच जिथल्या तिथं.

तेवढ्यात गिरणीवाला स्टुलावर चढून बोर्डावरची धूळ पुसायला लागला. मी इकडनंच ओरडलो, "ओ पावणं, हात काढा. ओलं हाय अजून."

त्यानं चटका बसल्यागत हात मागं घेतला. बापूनं माझ्याकडं बघितलं. मग रस्ता ओलांडून गेला आणि दळणाचा डबा घेऊन आत निघालेल्या बाईला म्हणाला, "मावशी, जरा लांबनं जावा. रंग लागंल."