एका शब्दाचा अर्ज

चिंधूमामांनी एक शब्द लिहायला सांगितला होता. श्रीकांतनं अठरा ओळी लिहिल्या, आणि त्या अठरा ओळींनी एका चांगल्या हवालदाराला नागपूरच्या चौकातून उचलून जबलपूरला नेऊन उभं केलं. हा श्रीकांत म्हणजे हे लिहिणाराच. पण स्वतःच्या अकलेबद्दल 'मी मी' करत बसणं बरं दिसत नाही, म्हणून त्याला आपण श्रीकांतच म्हणू.

मामा मूळचे नागपूरच्या उत्तरेला, सौंसर तहसिलीतल्या लोधीखेड्याकडचे. आधीची दोन पोरं गेली म्हणून आजीनं यांचं नाव चिंधू ठेवलं. चिंधीवर कोणाची नजर पडत नाही. सरकारची मात्र पडली. लढाई सुरू झाली त्या वर्षी सौंसरच्या बाजारात फौजेचा भरतीवाला छात्या मोजत बसला होता. मामा सरकी विकायला गेले होते. पोतं शेजाऱ्याच्या बैलबंडीत टाकून ते छाती मोजून आले.

"मोजून तं पाहू म्हटलं बाप्पा," मामा सांगत. "तो म्हणे, बत्तीस. घरी येऊन मायले सांगतलं तं माय रडाले लागली. मले वाटलं, बत्तीस कमी असंन."

आफ्रिकेच्या वाळवंटात तोफेशेजारी उभं राहून मामांनी डावा कान घालवला आणि त्रेचाळीस साली परत आले. नागपूरच्या पोलीस भरतीत डॉक्टर कानाशी घड्याळ धरून टिकटिक ऐकू येते का ते पाहत होता. उजवा कान झाला. डॉक्टर डाव्या बाजूला आला तसे मामा फौजी थाटात टाचेवर गर्रकन फिरले, आणि डॉक्टरनं तोच कान दुसऱ्यांदा तपासला. इतका चपळ उमेदवार त्या दिवशी दुसरा आला नव्हता. पास.

पुढची तेरा वर्षं मामांनी सीताबर्डीच्या बाजूच्या एका चौकात, पांढऱ्या रंगाच्या लाकडी चबुतऱ्यावर काढली. हवालदार झाले तरी चबुतरा सुटला नाही. सरकारच्या लेखी तो वाहतुकीसाठी होता. आमच्या तहसिलीच्या लेखी त्याचं काम वेगळंच. सौंसर-पांढुर्ण्याचा माणूस नागपुरात दवाखान्यात, कोर्टात नाहीतर संत्रा बाजारात गेला आणि वाट चुकला, की त्यानं सरळ चिंधू हवालदाराचा चौक विचारायचा. मामा एका हातानं मोटारी थांबवत आणि दुसऱ्या हातानं रस्ता दाखवत. ओळखीचे बंडीवाले मात्र रस्ता विचारत नसत, मागत असत.

"अबे चिंधू, हात खाली कर! संत्रा सडून राहिला!"

"सडू दे. सोयऱ्याचा संत्रा आहे म्हणून काय साहेबाची मोटार मांगं लोटू?"

संध्याकाळी मात्र तोच सोयरा पोलीस लायनीतल्या दोन खोल्यांत पिठलं-भाकर खाऊन तिथेच पथारी पसरी. कलाबाई मामी भाकऱ्या थापता थापता म्हणत, "यायले पगार पोलिसाचा अन् काम धर्मशाळेचं."

श्रीकांत शाळेत असताना त्याला स्वातंत्र्याच्या दिवसावर निबंध लिहायचा होता. त्यानं मामांना विचारलं, "मामाजी, तुमी झेंडा चढताना पाहिला असंन नं?"

"मी कायचा पाहतो? मले पोरायच्या लाडवाच्या टोपल्यायजवळ उभं केलं होतं. पोरं झेंड्याकडे पाहून राहिले अन् मी पोरायच्या हाताकडे. स्वातंत्र्य माह्या पाठीमांगं आलं."

निबंधात श्रीकांतनं मामांना झेंड्यासमोर उभं केलं आणि त्यांच्या डोळ्यांत अश्रूही आणले. दहापैकी सात मिळाले. त्याच दिवशी कोणी कान पिळला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

छप्पन साली भाषेप्रमाणे राज्यांची नवी वाटणी व्हायची होती. पोलीस लायनीत कागद आला, की ज्यांचं घर एका राज्यात आणि नोकरी दुसऱ्या राज्यात पडू शकते, त्यांनी कुठं राहायचं ते इंग्रजीत लिहून द्यावं. फौजेनं मामांना इंग्रजी अक्षरं शिकवली होती, इंग्रजी नाही. दोन दिवसांची रजा काढून ते छोट्या रुळांच्या गाडीनं सौंसरला आले. भाचा मॅट्रिक झालेला, इंग्रजीत पहिला. त्या विषयात पासच तिघे झाले होते, हे मामांना कोणी सांगितलं नव्हतं.

"फक्त नागपूर लिही," मामा म्हणाले. "तिथं मले चार लोकं ओळखतेत, आपल्या गावचा माणूस रोज दिसते. मले दुसरं काही नको."

"मामाजी, सरकारले असं एका शब्दात लिहितेत काय? अपमान वाटते त्यायले."

"लढाईत तारेवर तं एकाच शब्दात हुकूम येत होते."

"थे लढाई होती. हा अर्ज आहे."

मग श्रीकांतनं डिक्शनरी मांडीवर घेतली आणि लिहायला बसला. ज्या मातीत आपण जन्मलो त्या तहसिलीचं जे भाग्य तेच आपलं भाग्य, ती ज्या राज्यात जाईल त्या राज्याची सेवा करण्यात आपल्याला धन्यता वाटेल, असा सगळा थाट. सौंसर नागपूरसोबतच जाणार याबद्दल त्याला शंका नव्हती. शंका कोणालाच नव्हती. बोली तीच, सोयरिकी तिथल्या, संत्रा विकायचा तिथं. गावचे यशवंतराव मास्तर तर पारावर बसून रोज सायंकाळी ही वाटणी स्वतःच करून टाकत.

मामांनी कागद उलटसुलट केला. "याच्यात नागपूर कुठं आहे?"

श्रीकांतनं सगळ्यात लांब शब्दावर बोट ठेवलं. "हे पाहा, आतमधी आहे."

मामांनी सही केली. सही करताना प्रश्न विचारायची सवय फौजेनं त्यांना लावलीच नव्हती.

नोव्हेंबरच्या एक तारखेला नागपूर मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलं, आणि सौंसर-पांढुर्णा होतं तिथेच, मध्य प्रदेशात राहिलं. पुढच्या महिन्यात मामांच्या हातात जबलपूरचा हुकूम पडला. मामा साहेबांसमोर उभे राहिले तर साहेबांनी फाईलमधून त्या अठरा ओळी काढल्या आणि म्हणाले, "हवालदार, इतकं सुंदर पत्र या ऑफिसात दुसरं आलं नाही. तुमच्या भावनेचा आम्ही मान राखला."

मामा-मामी इटारसीवरून जबलपूरला निघाले तेव्हा श्रीकांत पांढुर्ण्याच्या स्टेशनावर गेला. गालावर बसणार याची त्यानं तयारी ठेवली होती. मामांनी खिडकीतून फक्त मान बाहेर काढली.

"भाच्या, माहा एक शब्द येणं आहे तुह्याकडे. ध्यानात ठेव."

मामी आतून म्हणाल्या, "अठरा ओळी लिहिल्या पोट्ट्यानं! तिथं नळ आहे का हिर, एवढं तरी एका ओळीत इचारून घ्यायचं होतं."

दोन वर्षांनी मास्तरकीच्या मुलाखतीसाठी श्रीकांतला जबलपूरला जायचा योग आला. स्टेशनातून बाहेर पडून पत्ता विचारत तो एका मोठ्या चौकाशी आला आणि थबकला. चबुतऱ्यावर मामा होते. मामांनीही त्याला पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हात आडवे केले. टांगे, सायकली, एक लष्करी ट्रक, सगळा चौक जागच्या जागी थांबला, आणि मधल्या मोकळ्या रस्त्यातून श्रीकांत आपली वळकटी सावरत एकटाच चालत आला.

"दीवानजी, कौन मंत्री आए हैं?" एक टांगेवाला ओरडला. हवालदाराला तिकडं दीवानजी म्हणतात.

"भांजा है," मामा म्हणाले. "अंग्रेजी में पहला।"

संध्याकाळी खोलीवर मामींनी पिठलं वाढलं. मामा जेवता जेवता म्हणाले, "दोन वर्षांत सौंसरचा तू पहिला. इथं आपला कोणी वाटच चुकत नाही बे. चौकात उभा राहून चेहरे पाहतो. मोटारी पाहाच्या सोडून चेहरे पाहतो."

श्रीकांतनं हात धुतले. त्यानं पिशवीतून तीन पानांचा अर्ज काढला. बदलीसाठी, रात्री जागून लिहिलेला.

"किती शब्द आहेत?" मामांनी विचारलं.

"दोनशे चाळीस."

"फाड."

श्रीकांतनं फाडला. मग एक कोरा कागद घेऊन त्यावर मधोमध, ठळक अक्षरांत, एकच शब्द लिहिला. मामांनी बोटानं एकेक अक्षर लावून तो वाचला आणि मान डोलावली. "आता बरोबर. अन् वर नाव कोणाचं?"

इथं घोडं अडलं. नागपूरचं ऑफिस म्हणे, तुम्ही भोपाळचे. भोपाळ म्हणे, नागपूर आता आपलं नाही. मामांनी दोन्हीकडे विचारून पाहिलं होतं.

सकाळी मुलाखतीला निघताना श्रीकांतला रस्ता पाठ होता. तरी तो मुद्दाम चौकात गेला आणि चबुतऱ्याखाली उभा राहून म्हणाला, "हवालदारसाहेब, मी सौंसरचा. वाट चुकलो."

मामांनी डाव्या हातानं सगळा चौक थांबवला आणि उजव्या हातानं त्याला रस्ता दाखवला. घाईनं नाही, चांगला दोन-तीन मिनिटं दाखवला. मागं टांगेवाले शिव्या देऊन राहिले होते, पण त्या डाव्या कानाच्या बाजूनं येत होत्या.

मास्तरकी श्रीकांतला मिळाली नाही. तो कागद मात्र सौंसरला त्याच्या ट्रंकेत आहे. शब्द लिहिलेला आहे, खाली मामांची सहीही आहे. वर कोणाचं नाव घालायचं, तेवढं कळायचं राहिलं आहे.