जावयाला कोण सांगणार

अधिक महिना लागला आणि आईने मला आठ दिवस आधीच सोनपेठहून पेडगावला आणलं. जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं होतं. तो मागून येणार होता. मला तिसरा महिना होता आणि सासरी मला कुणी धड बघत नाही, असं आईचं ठाम मत होतं. म्हणून दुसऱ्याच दिवशी ती मला परभणीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. सिस्टरने दंडाला रबर बांधलं, मूठ आवळायला लावली आणि नळ्या भरून रक्त काढलं. एवढ्या रक्ताचं काय करता, म्हणून आईने विचारलंच. पोटुशीच्या सगळ्या तपासण्या कराव्या लागतात, म्हणत सिस्टरने भराभर नावं सांगितली. त्यात एक व्हीडीआरएल होतं. मी बारावी शिकलेली, पण हे नाव कधी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आणायला गेलो. सिस्टरने पडदा ओढला, आवाज उतरवला आणि सिफिलिस म्हणाली. आईला कळेना, तेव्हा तिने जुना शब्द वापरला, गरमी. तो मात्र आईला बरोबर कळला. तिने माझ्याकडे पाहिलं. लग्नाआधी मी कॉलेज आणि शेत सोडून कुठे गेले नव्हते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी आधी तिने माझ्याकडेच पाहिलं. उसाचा ट्रॅक्टर घेऊन वर्षातले पाच महिने कारखान्यावर राहणारा जावई तिला मागून आठवला. त्या नजरेची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

सिस्टर बिचारी समजावत होती. हे पूर्ण बरं होतं, दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं घ्यायची, बाळ सुखरूप राहतं. पण नवऱ्याचं रक्तही तपासायला हवं, त्यालाही इंजेक्शनं हवीत. नाहीतर मी बरी होऊनही मला पुन्हा लागण होईल आणि ती बाळापर्यंत जाईल. तोवर त्याच्यापासून लांब राहायचं. हे तिने दोनदा सांगितलं. आम्ही दोघींनी दोनदा मान हलवली.

आता जावयाला सांगणार कोण? आमच्याकडे जावयाला भाजीत मीठ कमी पडलं तर घरादाराची मान खाली जाते, आणि इथे त्याला रक्त तपासायला सांगायचं होतं. मीच सांगते म्हटलं तर आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. "बाईनं असलं काढलं तर बाईच वाईट ठरती. तुजे अण्णा बोलतील." अण्णा म्हणजे माझे वडील. आईने त्यांना काय आणि कसं सांगितलं, देव जाणे. दोन दिवस ते माझ्याकडे न बघता जेवले.

धोंड्याच्या दिवशी अण्णांनी जावयाला पाटावर बसवलं. परातीत त्याचे पाय ठेवून स्वतःच्या हाताने धुतले, धोतराच्या सोग्याने पुसले, गंध लावलं, कपडे दिले. आईने तेहेतीस अनारसे मोजून दिले. जेवणं झाली आणि दोघे बाहेर लिंबाखाली बाजेवर जाऊन बसले. मी खिडकीतून बघत होते. अण्णा सुपारी कातरत बराच वेळ बोलत होते आणि नवरा मान डोलवत होता. संध्याकाळी अण्णा आत आले, टोपी खुंटीला अडकवली आणि आईला म्हणाले, "सांगितलं. घेतो म्हनले इंजेक्शनं. आता घरात हा विषय नको." मी चुलीपुढे बसून रडले. सुटले, असं वाटलं.

तो दुसऱ्या दिवशी गेला. मी तीन इंजेक्शनं पूर्ण होईपर्यंत राहिले. ती घेतली की दोन-दोन दिवस धड बसता येत नसे. मग सोनपेठला परतले. तिथे नवरा जसा होता तसाच. हसायचा, चहा मागायचा, पोटावर हात ठेवायचा. जणू काही घडलंच नाही. मला वाटलं, काय हा माणूस, किती सहज गिळून बसलाय. रागही यायचा, आणि विषय काढत नाही म्हणून बरंही वाटायचं. एकदा तो गंगाखेडला गेला आणि कंबर धरत, लंगडत घरी आला. मी मनात म्हटलं, चला, एक तरी झालं. त्याला गरम पाण्याची पिशवीसुद्धा करून दिली. ट्रॅक्टरच्या सीटची स्प्रिंग वर आली होती, हे मला फार उशिरा कळलं. त्यानंतर मी त्याला दूर ठेवलं नाही.

सातव्यात पेडगावला बाळंतपणाला आले. आठव्यात एका सकाळी पोटात हालचाल लागेना. आईने साखरेचं पाणी पाजलं, डाव्या कुशीवर झोपवलं, तरी नाही. दवाखान्यात मशीन लावलं आणि बाळाचे ठोके लागत नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुलगी झाली, रडली नाही. दाट जावळ होतं. माझं रक्त पुन्हा तपासलं. गरमीचा आकडा पहिल्या रिपोर्टपेक्षाही वर गेला होता, म्हणजे लागण पुन्हा झाली होती.

सोनपेठहून धावत आलेल्या नवऱ्याला बाईंनी आत बोलावलं आणि इंजेक्शनं कुठे घेतली ते विचारलं. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "कसले इंजेक्शनं?"

खोटं बोलत नव्हता. त्याचा चेहरा मला ओळखता येतो. दाराशी अण्णा उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. पिकापाण्याचंच बोललो, म्हणाले. "पाय धुतल्याव असलं कसं बोलावं? जावई हायती ते." म्हणजे लिंबाखाली तासभर सोयाबीनवर बोलणं चाललं होतं, आणि घरात येऊन त्यांनी माझं समाधान केलं होतं.

नवऱ्याने आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. त्याने मुकाट्याने शर्टाची बाही वर केली आणि हात पुढे केला. पाच मिनिटंही लागली नाहीत. हातावर कापूस दाबून तो माझ्या खाटेजवळ बसला. "मामानं सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी आलो असतो की मी," एवढंच म्हणाला. कारखान्यावर काय केलंस, हे मी त्याला विचारलं नाही. त्याचं उत्तर ऐकायचं त्राण माझ्यात नव्हतं.

मी अण्णांशी बोलत नाही. आई फोनवर म्हणते, तुझा बाप खचला, आता तरी माफ कर. अण्णांना दोष देणं मला सोपं जातं. पण सोनपेठच्या त्या घरात साडेतीन महिने नवरा हाताच्या अंतरावर झोपत होता. घेतली का इंजेक्शनं, एवढंच विचारायचं होतं. मी विचारलं नाही.