मामीचा शाळिग्राम

मंडळी, खरा जीवाश्म कसा ओळखायचा, असं तुम्ही सारखं विचारता. आज मी खोटा ओळखला आणि तेव्हापासून फोन हातात घेऊन बसलोय.

दुपारी दिंद्रुडची मामी बीडला आली. मामा उन्हाळ्यात वारले. त्यांनी नेपाळच्या यात्रेतून आणलेला शाळिग्राम तिनं कापडात गुंडाळून आणलेला.

"तू असले दगड जमवतूस. बघ बरं, खरा हाय का?"

शाळिग्रामातलं चक्र म्हणजे दगड झालेला समुद्रातला जीव. त्याच्या रेघा मधून बाहेर रुंद होत जातात. भिंगाखाली ह्याच्या सगळ्या रेघा एकसारख्या दिसल्या, खाचांत मशीनचे ओरखडे. चक्क कोरलेला!

मामीच्या तोंडाकडं बघून म्हणालो, "एकदम खरा हाय, मामी."

तिनं डोळे पुसले आणि कापडासकट तो माझ्या हातात दिला.

"मग तूच सांभाळ. आमच्यात बायका शाळिग्रामाला शिवत न्हाईत. हे गेल्यापासून पूजाच न्हाई. खऱ्या देवाची आबाळ नको. खोटा निघाला असता, तर ह्यांची आठवण म्हणून उशाशी घेऊन निजले असते."

मामी संध्याकाळच्या एसटीनं रिकाम्या हातानं गेली.

सांगा, आता तिला फोन करून काय म्हणू?