सोडिअमची बाटली आणि सोसायटीचा हौद

सुग्रीवला एकच डोळा होता. पण अंबाजोगाईच्या ज्या कॉलेजात तो रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा परिचर होता, तिथली पोरं त्या एका डोळ्याला जेवढी टरकून असायची, तेवढी सगळ्या प्राध्यापकांच्या मिळून डझनभर डोळ्यांना कधी टरकली नाहीत. शिक्षण म्हणाल तर सातवी नापास. तरी कपाटातली कुठली बाटली कुणाशेजारी ठेवली तर घात होईल, हे त्याला तोंडपाठ होतं.

मूळचा तो घाटनांदूरच्या पलीकडच्या एका खेड्यातला, गावाबाहेरच्या वस्तीवरचा. घरात जमिनीचा तुकडा नाही. दसरा झाला की म्हातारी माय केसरबाई, थोरला भाऊ शहादेव, वहिनी सुभद्राबाई, सगळे ऊस तोडायला नगरकडे जायचे. सुग्रीवही जायचा. एकोणिसाव्या वर्षी मुकादमाने मायीला शिवी दिली, तेव्हा सुग्रीवने कोयता उलटा धरून त्याचा जबडा फोडला आणि फडातूनच पळ काढला. कोयता उलटा धरला म्हणून मुकादम वाचला, हे तो पुढे मोठे उपकार केल्याच्या सुरात सांगायचा.

अंबाजोगाईत हमाली करताना त्याला पंडित सरांनी हेरलं. काचसामानाच्या अकरा पेट्या त्याने जिन्यावरून वर नेल्या आणि एका नळीलाही तडा गेला नाही. हात इतका हलका आणि डोकं इतकं गरम असा माणूस सरांनी आधी पाहिला नव्हता. त्यांनी त्याला ठेवून घेतलं.

भिंतीवर आवर्तसारणीचा तक्ता टांगताना सुग्रीवने विचारलं, "सर, ही कुणाची कुंडली हाय?"

"सगळ्या जगाची," सर म्हणाले. "ही उभी रांग म्हणजे एकेक भावकी. तिला गण म्हणायचं. एका गणातल्यांचा स्वभाव एक, फक्त खाली जाताना कमीजास्त होतो."

मग त्यांनी पहिला गण दाखवला. लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम. आतून चांदीसारखे लखलखीत, सुरीने कापावेत इतके मऊ, पण पाणी लागलं की पेटणारे. म्हणून जन्मभर रॉकेलात बुडवून ठेवायचे. सरांनी परातीत पाणी घेतलं. लिथिअम नुसतं फसफसलं. सोडिअमची गोळी झाली आणि ती पाण्यावर सैरावैरा धावली. पोटॅशिअमने जांभळी ज्योत धरली आणि फाडकन फुटलं.

"खाली जाशील तसा राग वाढतो," सर म्हणाले. "ह्यांच्या सगळ्यांत बाहेरच्या कडेला एकच इलेक्ट्रॉन असतो. खालच्याचा तो घरापासून आणखी लांब. जेवढा लांब, तेवढी घराची पकड ढिली. चटकन सुटून जातो."

सुग्रीवला हे लगेच पटलं. वेशीबाहेरच्या माणसाला गाव किती घट्ट धरतं, हे दर दसऱ्याला बिऱ्हाड गाडीत टाकणाऱ्याला कुणी शिकवायला नको होतं.

"आणि हा सातवा गण. फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन. ह्यांना एक कमी पडतो, म्हणून हे दुसऱ्याचा ओढून घेतात. इथं उलटं, वरचा जास्त खुनशी. त्याची मूठ जवळून आवळते ना."

"आन् ह्यो द्यायला बसलेला त्या वरबाडणाऱ्याला भिडला तर?"

"मीठ होतं. आपण भाकरीत घालतो ते."

सर चेष्टा करतायत असं सुग्रीवला वाटलं. त्याने परातीतल्या पाण्यात बोट घातलं. पाणी साबणासारखं बुळबुळीत लागलं आणि थोड्या वेळाने बोट चुरचुरू लागलं. सरांनी त्याच्या हातावर फटका मारला. धातू जळून जातो, पण मागे पाण्यात खार उतरतो, तो कातडी सोलतो, हे त्याला त्या दिवशी कळलं.

डोळा गेला तो नोकरीच्या सहाव्या वर्षी, आणि तोही स्वतःच्या मस्तीने. पोटॅशिअमच्या एका बाटलीतलं रॉकेल उडून गेलं होतं आणि धातूवर पिवळी साल चढली होती. अशाला सुरी लावायची नाही, असं सरांनी दहादा बजावलं होतं. पण समोर चार पोरं उभी होती. "काय करतंय बे ते," म्हणत सुग्रीवने सुरी दाबली आणि टेबलावर स्फोट झाला. डाव्या डोळ्यात पेटता तुकडा गेला. तो गुरासारखा ओरडला, हाताला येईल ते फोडत सुटला. सरांनी त्याची मानगूट धरून डोकं नळाखाली दाबलं, बोटांनी पापण्या फाकवल्या आणि अर्धा तास सोडलं नाही. सुग्रीवने सरांच्या मनगटाचा चावा घेतला तरी सोडलं नाही. उजवा डोळा वाचला. नळाला पाणी होतं म्हणून वाचला, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर काही वर्षांनी तो दुष्काळ आला. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात सुग्रीवच्या गावात पाण्याचं एकच ठिकाण उरलं होतं, सोसायटीच्या गोदामामागचा हौद. सहकारी सोसायटीचे चेअरमन विठ्ठलराव चार दिवसांतून एकदा ट्रॅक्टरने लांबून पाणी आणवायचे. त्यात खोटं काही नव्हतं, त्यांनी धडपड केली नसती तर गावच उठलं असतं. पण नियम त्यांचा. आधी सभासद, उरलं तर बाकीचे. आणि सभासद व्हायला जमीन लागते. विठ्ठलरावांचा पुतण्या रामकिसन हौदावर उभा राहून यादी वाचायचा. वस्तीवरच्यांच्या वाट्याला तळाचा गाळ यायचा.

तिसऱ्या दिवशीही हंडा कोरडाच राहिला, तेव्हा शहादेवने यादीची वाट न पाहता तो हौदात बुडवला. पुढचं सुग्रीवला अंबाजोगाईच्या दवाखान्यात सुभद्राबाईने सांगितलं.

"दोघांनी धरलं, भावजी. ह्यांचा हात हौदाच्या काठावर ठिवला, आन् रामकिसननं पहारीनं कुटला. मी हंडा घिऊन आडवी गेले तर हंड्याला बी लाथ घातली."

शहादेवची उजव्या हाताची चार बोटं कापावी लागली. खाटेवर बसून तो उरलेल्या अंगठ्याकडे बघत होता. कोयता धरायला अंगठ्यासमोर बोटं लागतात. सुग्रीवने वहिनीला एसटीत बसवलं, मायीकडे बघायला गावी धाडलं, आणि रात्रभर भावाच्या उशाशी बसून दात खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंडित सर तासावर असताना त्याने कपाट उघडलं. चावी त्याच्याचकडे असायची, सरांनी कधी परत मागितली नव्हती. सोडिअमची अर्ध्या किलोची बाटली आणि पोटॅशिअमची छोटी बाटली त्याने भुशात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि घाटनांदूरची गाडी धरली. तिथून गावापर्यंत उन्हात चालत गेला. राग निवावा एवढी वाट लांब होती, पण निवला नाही.

भरदुपारी हौदावर रामकिसन आणि दोन गडी बसले होते. आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टर येऊन गेला होता. हौदात चाळीस-पन्नास हंडे पाणी होतं, सगळ्या गावाचं चार दिवसांचं.

"काय बे काण्या," रामकिसन म्हणाला, "भावाची बोटं न्यायला आला का?"

 सुग्रीवने पिशवीतून बाटल्या काढल्या, बुचं उडवली आणि रॉकेलासकट सगळे गड्डे हौदात ओतले.

आधी पाणी उकळल्यासारखं खदखदलं. मग पिवळा जाळ उठला, त्यात जांभळा, आणि असा धमाका झाला की गोदामाचे पत्रे थरारले. पेटते गोळे उडाले. एका गड्याचं धोतर पेटलं, दुसरा काठी टाकून पळाला. सुग्रीवचा स्वतःचा हात कोपरापर्यंत भाजला. दुसरा धमाका झाला तेव्हा रामकिसन चेहरा धरून मागे कोसळला. सुग्रीव हसला. त्याला मनापासून बरं वाटलं, ते कशाला लपवा?

"डोळा," रामकिसन ओरडत होता. "डोळा जळतोय, पाणी घाला कुणी."

तो आवाज सुग्रीवच्या ओळखीचा होता. आपल्याच घशातून तो एकदा निघाला होता, हे त्याला आठवलं आणि हसू विरलं.

धमाका ऐकून वस्तीवरून बायका धावत आल्या, सगळ्यांपुढे सुभद्राबाई. नवऱ्याचा हात कुटणारा माणूस समोर लोळत होता, पण पाणी मागणाऱ्याला ना म्हणणं त्या बाईच्या रक्तात नव्हतं. जाळ बसला होता. तिने चेपलेला हंडा हौदात बुडवला आणि ती रामकिसनकडे वळली. सुग्रीवने झेप घेऊन तो हंडा लाथेने उडवला.

सुभद्राबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "भावजी, तुमी बी त्यांच्यातलेच झाले?"

"वहिनी, त्ये पाणी न्हाई. खार हाय. त्यानं उरलासुरला डोळा बी जाईल."

"मग पाणी कुठं हाय?"

सुग्रीवने हौदाकडे पाहिलं. नळ अंबाजोगाईत होता. इथे गावाचं सगळं पाणी या हौदात होतं, आणि ते त्याने नासवलं होतं. सभासदांचं, बिगर सभासदांचं, तान्ह्या पोरांचं, सगळ्यांचं.

"घरात अर्धी कळशी हाय," सुभद्राबाई हळू म्हणाली. "मायीची. ताप हाय तिला."

"आना."

तिने ती आणली. सुग्रीवने रामकिसनचं डोकं मांडीत दाबलं, धोतराच्या सोग्याने गालावरचा धातूचा कण टिपला, पापण्या फाकवल्या आणि बारीक धार धरली. रामकिसनने त्याच्या भाजलेल्या हाताचा चावा घेतला. सुग्रीवने सोडलं नाही. कळशी शेवटच्या थेंबापर्यंत निथळली, तेव्हा त्या डोळ्याला बोटांची हालचाल दिसू लागली होती.

तोवर गाव गोळा झालं. सुग्रीवला गोदामाच्या खांबाला बांधून पट्ट्याने फोडलं. बरगडी मोडली, दोन दात पडले. त्याने एकदाही सोडा म्हटलं नाही. विठ्ठलराव पुढे आले तेव्हा रक्त थुंकून तो म्हणाला, "मारा. माझी तक्रार न्हाई. पन आधी मला पाणी सुधरू द्या. जीप पाठवून आमच्या पंडित सरांना आना. म्हनाव, सातव्या गणातल्याची बाटली घिऊन या, मीठ करायचं हाय."

पुतण्याला घेऊन जीप दवाखान्यात गेली आणि दिवस मावळायच्या आत सरांना घेऊन आली. सरांच्या मांडीवर हायड्रोक्लोरिक आम्लाची, म्हणजे क्लोरिनच्याच आम्लाची, मोठी बाटली होती. त्यांनी आधी सुग्रीवच्या थोबाडीत मारली आणि मग विचारलं, "किती टाकलंस?"

दोघांनी मिळून काम केलं. सर आम्लाची धार धरत, सुग्रीव मोडक्या बरगडीने बांबू फिरवत होता. दर थोड्या वेळाने लाल लिटमस बुडवायचा. निळा होई. आणखी धार. पुन्हा निळा. शेवटी लाल कागद लालच राहिला आणि निळाही निळाच. सरांनी बाटलीला बूच लावलं.

विठ्ठलरावांनी यादी मागवली आणि पहिलं नाव वाचलं. कुणी पुढे आलं नाही. दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. सभासद पाय जमिनीत पुरल्यासारखे उभे. सुग्रीवने तांब्या भरला, सगळा प्यायला आणि हौदाला टेकून बसला. गाव त्याच्या मरणाची वाट बघत राहिलं. तो मरेना.

मग सुभद्राबाई चेपलेला हंडा घेऊन पुढे झाली. "आमचं नाव यादीत न्हाई," ती विठ्ठलरावांना म्हणाली. "चालंल का?"

विठ्ठलराव बाजूला सरले. तिने ओंजळभर पिऊन पाहिलं. "खारट हाय," ती म्हणाली, आणि हंडा भरून मायीकडे घेऊन गेली. तिच्यामागून सारी वस्ती आली. हौद झाल्यापासून पहिल्यांदाच वरचं पाणी वस्तीला मिळालं. वीसेक हंडे भरले आणि कुणालाच काही झालं नाही, हे दिसल्यावर सभासदांत रेटारेटी सुरू झाली आणि यादी पुन्हा पहिल्या नावापासून वाचली जाऊ लागली.

सुग्रीवला आठ महिन्यांची शिक्षा झाली. कोर्टात सरांनी खरं तेच सांगितलं, आणि तो सुटून आला त्या दिवशी कपाटाची चावी त्याच्या हातात ठेवली. शहादेवची बोटं काही परत आली नाहीत. तो डाव्या हाताने कोयता शिकला, पण निम्माच ऊस तुटायचा. रामकिसनला त्या डोळ्याने अंधुक दिसायचं, तरी दिसायचं.

सुग्रीव निवृत्त होईपर्यंत दरवर्षी पहिल्या गणाचा प्रयोग व्हायचा. जांभळी ज्योत फुटली की पोरं टाळ्या वाजवायची. सुग्रीव ज्योतीकडे बघायचा नाही. तो दाराशी झाकलेल्या बादलीवर हात ठेवून उभा असायचा. मे महिन्यात नळ आटले, प्राचार्य स्वतः तांब्या घेऊन आले, तरी त्या बादलीतलं पाणी त्याने कुणाला पिऊ दिलं नाही.

"मग ठेवता कावून?" एका पोराने एकदा चिडून विचारलं.

"तुज्या डोळ्यासाठी," सुग्रीव म्हणाला. "गेल्या टायमाला मायीच्या तोंडचं घ्यावं लागलं."

माय केसरबाई हौद पेटला त्याच रात्री तापात गेली होती. सुभद्राबाईने भरून नेलेला हंडा तिच्या उशाशी तसाच होता.