जवायाचं इमान आन् माहं लिंबू

मले इचारू नका, असं म्या तुमाले कितींदा सांगतलं! पन तुमी आयकता थोडी? हिवरखेडच्या स्टँडवर मले बसवलं, चहा पाजला, भज्याची पुडी हातात देल्ली, आन् आता म्हन्ता, "आबाजी, थो इमानाचा किस्सा होऊन जाऊ द्या. आन् लिहूनई द्या, आमी छापतो."

लिहून! शायेत नाव होतं माहं, पन मी राहो म्हशीमांगं. अक्षर कोंबडीच्या पायावानी. तरी लिहितो. काऊन का मी नाई लिहिलं तं गावातले लोकं आपापल्या घरचं तिखट-मीठ टाकून सांगतेत, आन् दर खेपी माही फजिती वाढत जाते. असल होती तेवढीच लय हाये, राजेहो. वरून मसाला कायले पायजे?

तं आयका.

माही मोठी लेक रंजना अमरावतीले राहते, राजापेठात. जवाई मंगेशराव गनिताची शिकवनी घेते. खाली शिकवनी, वरतं घर. रस्त्यावर फटफट्या इतक्या का खिडकी उघडी ठेवली तं एखादी घरात येईन! लहानी लेक मुंबईले. तिचं बायंतपन जवय आलं म्हनून आमची बुढी रंजनाच्या संगं मुंबईले चालली होती. बेलोऱ्याच्या इमानतयावरून, इमानानं! जिंदगीत पयल्यांदा. (बुढीचं नाव इचारू नका. लगनात उखान्यापुरतं घेतलं, तेवढंच. आमच्या जमान्यात नवरा चारचौघात बायकोचं नाव घेत नसे.)

मी तिले पोचवाले आलो होतो फक्त. मी इमानात बसत नाई. मले पायाखाली माती लागते.

आदल्या दिवशी संध्याकायी जवाईबापूनं मले आपली खोली दाखवली. मी दरवाज्यातच थबकलो! तीन टीव्ही एकाले एक जोडून. पुढं खुर्ची. खुर्चीपुढं अर्धं कापल्यावानी स्टेरिंग. बाजूले दांडे. टेबलाखाली पायासाठी दोन पट्ट्या, माह्या ट्रॅक्टरच्या ब्रेकावानी. आन् तिन्ही टीव्हीत काय? आभाय! ढग! खाली वावरं!

"हे काय हो, जवाईबापू?"

"विमान आहे, बाबा. मुंबईचं. शिकून राहिलो मी चालवायले."

"कोनी बसलं हाये का त्यात?"

"भरलेलं आहे," थो हासला. "सीट खाली नाही."

तितक्यात रंजनानं सैपाकखोलीतून हाक मारली, "चहा झाला हो!" आन् हा मानूस एक बटन दाबते काय, उठते काय, चालला चहाले!

मी त्याच्या मांगं धावलो. "आवो, इमान! इमान!"

"थांबवून ठेवलं हवेत. चहा घेऊन येऊ, बाबा."

आता तुमी म्हनान, म्हातारा येडा हाये. पन थांबा जरासे. मांगच्या हंगामात माह्या कपाशीवर ड्रोननं फवारा मारला का नाई? थो ड्रोनवाला धुऱ्यावर बसला, हातात डब्बी, तोंडात खर्रा. यंत्र तथी वरतं. याले थुकाचं होतं, तं यानं यंत्र हवेत उभं केलं, निवांत थुकला, आन् मंग पुढं नेलं. त्याच्या आंधी मी सगळ्या गावापुढं छाती ठोकून म्हनलो होतो, "बिना मानसाचं यंत्र? होतच नाई!" मंग लोकं मले पंधरा दिवस हासले. तवापासून म्या कानाले खडा लावला. नव्या यंत्राले 'होत नाई' म्हनाचं नाई. आता मले सांगा, ड्रोन डब्बीवर चालते तं इमान तीन टीव्हीवर काऊन नाई चालाचं?

आन् इचारा कोनाले? जवायाले सासरा उलटा सवाल करते का? आमच्याकडं जवाई म्हन्जे अधिक महिन्यातला देव! थो म्हनन ते खरं.

जेवताना बुढीच्या घशाखाली घास उतरेना. मंगेशराव म्हनले, "आई, कायले भेता? उद्या तुमचं विमान मीच नेतो इथून. तुमी निवांत झोपा."

बुढीच्या जिवात जीव आला. "जवाईबापू हायेत, मंग कायचं भेव व!"

रंजना वांगे वाढता वाढता हासली. मले वाटलं, नवऱ्याच्या कौतुकानं हासून राहिली.

सकायी बेलोऱ्याले गेलो. आता आमची रीत तुमाले माहीत हाये. दूरच्या गावाले जाचं तं गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवाचं. गाडी पुढं सरकली, लिंबू चिरडलं, इडापिडा टयली. ट्रॅक्टर असो, जीप असो, म्या कधी चुकवलं नाई. बुढीनं आपल्या बागेतलं लिंबू आनलं होतं. हिरवं, टनक, अकोल्याच्या बजारात लोकं वास घेऊन इचारतेत तसं. दरवाज्यावरच्या शिपायाले म्हन्ते कशी, "भाऊ, हे इमानाच्या पुढच्या चाकाखाली ठेवून येतो मी, अन् मंग बसतो."

"माताजी, जहाज के नीचे कोई नहीं जाता."

"मंग तुमी ठेवून द्या ना."

"हम भी नहीं जाते, माताजी!"

"मंग कोन जाते?"

मांगचे लोकं ओरडाले लागले. रंजनाचं तोंड लाल. शिपायानं ते लिंबू आनून बाहेर माह्या हातात देल्लं. "बाबाजी, घर ले जाओ." बुढी काचेमांगून मले हातवारे करून राह्यली: ठेवा, ठेवा! कुठीतरी ठेवा!

मी लिंबू खिशात टाकून राजापेठात वापस. मंगेशराव आंघोयीले गेले होते. मी त्या खोलीत उभा. डोक्सं चालवलं. चाक तं बेलोऱ्याले. पन चालवनारा कुठी बसते? अथी! मंग लिंबूई अथीच पायजे का नाई? उजव्या पट्टीच्या पुढं फट होती. पाय दाबला का लिंबू चिरडन. म्या हात जोडले, "माय, माह्या बुढीले सुखरूप ने," आन् लिंबू घट्ट बसवून देल्लं.

मंगेशराव आले. कानाले भोंगे लावले, दांडे पुढं ढकलले. टीव्हीत बेलोऱ्याची धावपट्टी पयाले लागली. माह्या अंगावर काटा! तिसऱ्या का चौथ्या खिडकीत माही बुढी बसली असन!

इमान उठलं. आन् उठलं तसं डाव्या अंगाले कललं.

"अरे?" मंगेशराव म्हनले.

जवायानं स्टेरिंग वयवलं. इमान डाव्या अंगाले. पट्टी दाबली. डाव्या अंगाले! बडनेऱ्याले एक चक्कर झाली, दुसरी झाली. जवाई टेबलाले चापटा मारते. स्टेरिंगवर फुका मारते. मंग काय केलं त्यानं? राजेहो, त्यानं चक्क तार उपसली! उपसून पुन्यांदा लावली! बुढी हवेत, आन् यानं तार उपसली!

"जवाईबापू!" म्या बोंब मारली.

"वायरच ढिली दिसून राहिली, बाबा. पाहतो," असं म्हनून मानूस भोंगे टेबलावर टाकून टेबलाखाली घुसला. वरतं फक्त त्याचं पँट दिसते. खुर्ची रिकामी! इमानाले डायवर नाई! टीव्हीतून कोनी बाई इंग्रजीत बोंबलून राह्यली. आन् त्या भोंग्यातून एक मानूस बोलते, शुद्ध, पुन्याकडचा:

"अमरावती, आपलं विमान डावीकडे का वळतंय?"

म्या भोंगे उचलले. "आबे, ते मले काय इचारतं? थांबव त्याले! माही बायको हाये त्याच्यात!"

पुनेकर मंग म्हन्ते, "आपण कोण बोलताय?"

"सासरा!"

"कुणाचे?"

"इमानवाल्याचा!"

"काका, कृपया लाइन मोकळी करा. मागे आणखी विमानं थांबली आहेत."

"थांबू दे त्याईले! त्याईच्या बायका जमिनीवर हायेत! माही खाली पडून राह्यली!"

"काका, शांत व्हा. आपण विमानात काही बदल केलेत का?"

"काईच नाई! उलट म्या तं लिंबू ठेवलं!"

"...काय ठेवलंत?"

"लिंबू रे! पायाच्या पट्टीपुढं! घरच्या बागेतलं!"

भोंग्यात कोनीतरी खुदकन हासलं. मंग दुसरा. मंग तं जत्राच भरली. किती लोकं आयकत होते, देवाले माहीत!

"काका," पुनेकराचाई आवाज हालून राह्यला, "ते लिंबू काढा."

"काढू कसं? त्याच्याच भरोशावर तं थे वरतं हाये!"

तितक्यात टेबलाखालून आवाज आला, "बाबा... हे काय आहे?" आन् मंगेशरावचा हात बाहेर आला. हातात माहं लिंबू. अखंड. चिरडलंच नाई!

आन् टीव्हीत जमीन आली. वावरं मोठी झाली, झाडं मोठे झाले, आन् धडाम! तिन्ही टीव्ही कायेठिक्कर!

मंग मी काय केलं ते आता साऱ्या जगाले माहीत हाये. लपवून काय फायदा? मी खाली बसलो, भोंगे छातीशी धरले आन् टाहो फोडला:

"वच्छले! वच्छले व! मले सोडून कुठी चालली व! तुह्यासारखी वांग्याची भाजी कोनाले जमत नाई व, वच्छले!"

खालची शिकवनी सुटली. पोट्टे-पोट्ट्या जिन्यावर गोया झाले. शेजारची बाई पान्याचा तांब्या घेऊन धावली. मंगेशराव माहे हात धरून म्हन्ते, "बाबा, हा खेळ आहे! खोटं आहे सगळं! आईंचं विमान वेगळं आहे!"

"खेय? माही बायको तुमाले खेय वाटली?"

"अहो, मी गंमत केली होती काल!"

"मंग फोन लावा तिले!"

फोन लावला. बंद! लावला. बंद! "विमानात फोन बंदच ठेवतात, बाबा," असं म्हनून त्यानं मोबाइल माह्या तोंडापुढं धरला. त्यात नकाशा, नकाशात एक पिवयं इमान सरकून राह्यलं. "हे पाहा, आई नाशिकपाशी पोचल्या."

"जवाईबापू," म्या म्हनलं, "तुमी दाखवलेल्या इमानावर आता माहा भरोसा नाई."

राजेहो, तो वखत कसा गेला ते मलेच माहीत. एका हातात फोन, एका हातात लिंबू. मंगेशराव भितीले टेकून उभे, तोंड उतरलेलं. मी मनात म्हनून राह्यलो, तिनं काचेमांगून हात हालवला आन् म्या हालवलाई नाई. लिंबू खिशात टाकत होतो.

फोन वाजला.

"आयकलं का? पोचलो आमी," बुढीचा आवाज! ठनठनीत!

मंगेशरावनं फोनचा आवाज मोठा केला.

"मले तं सुटल्याबरोबर झोप लागली," बुढी म्हन्ते. "एक धक्का बसला नाई. जवाईबापूले सांगा, लय गुयगुय चालवलं बाप्पा! आन् लिंबू ठेवलं का तुमी?"

आख्खा जिना फुटला! शेजारच्या बाईचा तांब्या हातातून पडला. म्या हातातल्या लिंबाकडं पाह्यलं.

"ठेवलं," म्या म्हनलं.

किस्सा अथीच संपाले पायजे होता. पन माहं नशीब! त्या इमानवाल्याईचं इंटरनेटवर मंडय हाये, आन् त्या मंडयात बोललेला शब्द न् शब्द भरून ठेवतेत. माहा टाहोई भरला. आता म्हन्ते ते लोकं उडवाच्या आंधी एकमेकाले इचारतेत, "पट्टीपुढं लिंबू नाही ना?" इचारा लेकहो, इचारा. पन मंगेशरावनं काय करावं? दिवाईले घरी आले तवा थो टाहो बुढीच्या मोबाइलमंधी टाकला. घंटी म्हनून! मी फोन लावला, का माह्याच आवाजात वाजाचं!

मले हे ठाऊक नोयतं. कोनी सांगतलंच नाई.

मंग अकोल्याले लगन होतं, बुढीच्या माहेरचं. मांडव गच्च. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोई बाजूले उभे. भटजीनं गया साफ केला. सारे चूप, हातात अक्षता. आन् बायकाच्या गर्दीतून टाहो उठला:

"वच्छले! वच्छले व! मले सोडून कुठी चालली व!"

भटजी थांबला. अंतरपाट धरनाऱ्याचा हात खाली आला. नवऱ्यानं घाबरून नवरीकडं पाह्यलं. आन् आमची बुढी? तिनं फोन बंद केला का? नाई! पदर सावरला, आन् पूर्न वाजू देल्ला, थेट वांग्याच्या भाजीपर्यंत. मंग बाजूच्या बाईले मोठ्यानं सांगते, "आमच्या घरचेच हायेत. लय जीव हाये त्याईचा."

सारा मांडव माह्याकडं वयला. काऊन का दरवाज्याशी, फोन कानाले लावून, एका पायात चप्पल घालून मीच उभा होतो. दुसरी चप्पल सापडत नोयती. कुठी ठेवली, ते बुढीले इचाराले फोन लावला होता.

आता भजे संपले. लिहून झालं. शिपायाचा काई दोष नाई, पुनेकराचाई नाई, बुढी तं बुढीच हाये. पन एका मानसानं अजून 'चुकलं, बाबा' म्हनलं नाई. जवाई असन, अधिक महिन्यातला देव असन, मी वाट पाहून राह्यलो. नाव मोठ्या अक्षरात छापा: राजापेठवाले मंगेशराव.