आमच्या नावाचा अर्ज

"वाचत नको बसू. अंगठे घे, निघू."

माझ्या कंपनीचे साहेब हे माझ्या आईसमोर बोलले. ईट गावाच्या बाहेरची आमची वस्ती, आमचंच अंगण, आणि पुण्याहून आणलेलं शाईचं पॅड माझ्या हातात. आईला सही येते. साक्षरतेच्या वर्गात गिरवून गिरवून शिकली ती. साहेबांनी विचारलंसुद्धा नाही. तिचा अंगठा धरला, पॅडवर दाबला, कागदावर दाबला. वर म्हणाले, "झालं. सरक, बाई." आई माझ्याकडं बघत होती. मी मान खाली घातली. त्याची लाज अजून वाटते.

काम असं होतं. वेबसाइटच्या नावात शेवटच्या टिंबानंतर शेपूट असतं, डॉट कॉममधल्या कॉमसारखं. तसं एक नवं शेपूट आमच्या कंपनीला हवं होतं. आमच्या जमातीचं नाव. ज्याला ते मिळेल, तोच ठरवणार ते कुणाला द्यायचं, कुणाला नाही. अशी शेपटं वाटणारी एक जागतिक संस्था आहे. तिच्या निवडीच्या निकषांत तांत्रिक यंत्रणा बघतात, ऐपत बघतात, आणि नाव जमातीचं असेल तर जमातीचा पाठिंबा बघतात. हे निकष साहेबांना मीच समजावले होते, मोठ्या हौसेनं. इंजिनिअर ना मी! "म्हणून तर तुला घेतलंय," गाडीत ते हसत म्हणाले होते.

आमच्याकडं कागद आला की वस्तीतलंच कुणीतरी तो मोठ्यानं वाचतं. त्याशिवाय कुणी बोट लावत नाही. खूप ठेचा खाऊन पडलेली रीत आहे ती. त्या दिवशी कुणीच वाच म्हणालं नाही. कागद वस्तीच्या पोरीनं आणला होता ना!

पुढं चुलती होती. साहेबांनी हात पुढं केला तसा तिनं आपला हात पदराखाली घेतला. मला म्हणाली, "तू आणलाय म्हून इचारलं न्हाय. पर तू खाली का बघायलीस?"

माझं डोकंच फिरलं. पाठिंब्याचा तो कागद ओढला आणि इंग्रजीचं मराठी करत मोठ्यानं वाचला. नावाचे सगळे नियम कंपनी करणार. वस्तीला विचारायची एक ओळ नव्हती.

"म्हंजी आमचंच नाव आमी ह्यांला मागायचं?" चुलती म्हणाली.

"नोकरी गेली समज," साहेब मला म्हणाले.

"समजलं," मी म्हणाले. आणि आईच्या अंगठ्याचा तो कागद त्यांच्यासमोर फाडला.

नोकरी गेली. त्यांचा अर्ज थांबलेला नाही. पाठिंबा ते दुसरीकडून आणतील, आमच्यातलाच कुणी फितवतील. पण त्याच निकषांत हरकत घ्यायची सोय आहे. हरकत मी घेतली आहे. अंगठा कसा घेतला, तेही त्यात लिहिलंय. फेटाळली तर पुन्हा लिहीन. आणि पुढचा अर्ज आमचा असेल. यंत्रणा उभी करता येते मला. हे नाव मी कंपनीच्या हाती जाऊ देणार नाही.